चार पायांची विळी

हरिहरेश्वराला जाणाऱ्या मंडळींना समुद्राची वेळ पाळावी लागते. काळभैरव-योगेश्वरीचे दर्शन झाले, की प्रदक्षिणेला निघण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारायचे, "ओहोटी कधी?" देवळामागचा डोंगर चढायचा, कड्यांच्या बेचक्यातल्या पायऱ्या उतरून थेट समुद्राशी यायचे आणि लाटांनी कोरलेल्या खडकांवरून पुन्हा देवळाकडे वळायचे. भरतीत त्या वाटेला शहाणा माणूस जात नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब तिथे गेलो, तेव्हा आमचे एक स्नेही बरोबर होते. आपण त्यांना अण्णा म्हणू. मुंबईच्या एका खासगी कचेरीत त्यांनी एकवीस वर्षे हिशेब लिहिले. 2019 साली अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. आता जयपूर फूट लावून काठीच्या आधाराने ते चालतात. प्रदक्षिणेच्या वाटेशी आल्यावर ते एका दगडावर टेकले आणि म्हणाले, "तुम्ही या जाऊन. मी पिशव्या राखतो." आम्ही ते हसण्यावारी नेले.

आमचा मुक्काम गावातल्या एका घरगुती खाणावळीत होता. संध्याकाळी मोदकांची तयारी चालली होती, म्हणून आमची मंडळी स्वयंपाकघरात डोकावली. तिथे एक बाई नारळ खोवत होती, पण जमिनीवर पाटावर बसून नव्हे! कमरेइतक्या उंच, चार पायांच्या भक्कम लाकडी टेबलावर विळी पक्की ठोकलेली होती आणि बाई उंच स्टुलावर बसली होती. लहानपणी पोलिओने तिचा पाय अधू झालेला. खाली बसली, तर धरून उठवावे लागे.

"ही युक्ती कुणाची?" आम्ही मालकीणबाईंना विचारले.

"युक्ती कसली! कामाला आली तेव्हा मीच तिला विचारलं, बाई गं, काय केलं म्हणजे तुला काम जमेल? तिनं सांगितलं, सुतारानं करून दिलं. आता माझेही गुडघे धरलेत, तेव्हा मीसुद्धा तिथंच बसते!"

सारे हसले. अण्णा हसले नाहीत. रात्री ओटीवर बसलो असता ते एकदम म्हणाले, "आमच्या कचेरीला सुतार मिळत नव्हता काय हो?"

मग हळूहळू सारे बाहेर आले. त्यांचा हिशेब विभाग दुसऱ्या मजल्यावर होता, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. अपघातानंतर साहेब स्वतः फळांची करंडी घेऊन घरी आले, सहकाऱ्यांनी धीर दिला. सहानुभूतीत कुणी काटकसर केली नाही. मात्र तळमजल्यावर, टपाल विभागाशेजारी एक टेबल रिकामे पडून होते, ते कुणाला सुचले नाही. "आणि मी मागितलंही नाही," अण्णा म्हणाले. "वाटलं, मागणं म्हणजे दयेची भीक." तीन महिने कठडा धरून ते जिना चढले. चौथ्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. शाल आणि श्रीफळ देऊन निरोप समारंभही झाला!

अण्णांना ठाऊक नव्हते, पण हा प्रश्न दयेचा राहिलेला नाही. 19 एप्रिल 2017 पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 'वाजवी सोय' ही कल्पना मान्य केली आहे. ज्या फेरबदलाने दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता येईल आणि ज्याचा मालकावर अवाजवी बोजा पडणार नाही, तो फेरबदल म्हणजे वाजवी सोय. सरकारी नोकराला सेवेत असताना अपंगत्व आले, तर त्याला काढून टाकता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यावे लागते. खासगी कचेऱ्यांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते, आणि कोणत्या सोयी देणार तेही त्यात सांगावे लागते.

तरीही कायदा एकटा पुरत नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणीच गेली. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 773 वा क्रमांक मिळवूनही अंधत्वाचे कारण पुढे करून त्यांना रेल्वेच्या हिशेब सेवेत घेतले गेले नाही. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, 124 व्या आल्या आणि ऑक्टोबर 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली त्यांच्या हाताशी होती. पहिल्या वेळीही ती जगात होतीच की! आपल्या कोकणातही, कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावी, स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांच्या संस्थेने काजूचा कारखाना उभारून अपंगांच्या हाताला काम दिले.

खरे म्हणजे सोयीवाचून काम कोण करतो? डोळसांसाठी कचेरीत दिवे लावलेले असतात, अंध कारकुनाला त्यांची गरज नसते. दुसऱ्या मजल्यावर जायला आपल्याला जिना लागतो. त्या दिव्याला आणि त्या जिन्याला आपण उपकार म्हणत नाही. मग तळमजल्यावरच्या एका टेबलालाच उपकार का म्हणावे?

दिवाळीची सुट्टी संपून कचेऱ्या उघडतील, तेव्हा वाचकहो, आपल्या शेजारच्या टेबलावर कुणी अण्णा असतील, तर फळांच्या करंडीआधी त्यांना मालकीणबाईंचा तो साधा प्रश्न विचारून पाहा.

आमच्या अण्णांनी परवा एका नव्या ठिकाणी अर्ज केला. पाठवण्यापूर्वी त्यांनी तो आम्हांला दाखवला. शिक्षण, अनुभव, सारे रीतसर होते. शेवटी मात्र एक ओळ त्यांनी ठळक लिहिली होती: 'मला तळमजल्यावर टेबल लागेल.'

उत्तर अजून यायचे आहे.