चागोस बेटं कोणाची? साखरखेर्ड्याच्या माणसालाही कळेल असा वाद

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या बातम्या अधूनमधून येतात. मॉरिशस म्हणतं बेटं आमची, ब्रिटन म्हणत होतं आमची, आणि तिथे लष्करी तळ अमेरिकेचा. वाचताना गोंधळ होतो. पण आपण वऱ्हाडची माणसं, आपल्याला हे समजायला अवघड नाही.

आठवा. 1724 मध्ये आपल्या साखरखेर्ड्यातच निजामुल्मुल्कने मुबारिज खानाचा पराभव केला आणि दख्खनवर निजामाची सत्ता बसली. पुढे 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1902 मध्ये तर कायमचा पट्टा झाला, सालाना 25 लाख रुपये. म्हणजे मालक निजाम, कारभारी इंग्रज. रयतेला मात्र कोणी विचारलं नाही.

चागोसमध्ये काय झालं?

1965 मध्ये, मॉरिशस अजून वसाहत असताना, ब्रिटनने 30 लाख पौंड देऊन ही बेटं मॉरिशसपासून वेगळी काढली. मॉरिशस 1968 मध्ये स्वतंत्र झालं, बेटांशिवाय. सगळ्यात मोठं बेट दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिलं. 1968 ते 1973 या काळात तिथले दीड-दोन हजार रहिवासी हटवून मॉरिशस आणि सेशेल्सला सोडले. नारळाच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेली ही माणसं होती.

कायदा काय म्हणतो?

25 फेब्रुवारी 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की मॉरिशसची मुक्तता कायदेशीर रीतीने पूर्ण झालेली नाही, ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा. हे मत सल्लावजा होतं, बंधनकारक नव्हतं. पण त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मॉरिशसच्या बाजूने 116 मतं पडली, विरोधात फक्त 6. भारत मॉरिशसच्या बाजूने होता.

22 मे 2025 ला दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या. मालकी मॉरिशसची, पण दिएगो गार्सिया 99 वर्षांसाठी ब्रिटनकडे, सरासरी दहा कोटी पौंड सालाना भाड्यावर. वऱ्हाडच्या पट्ट्याची आठवण येते की नाही?

मग वाद कशाचा?

ब्रिटनमधले विरोधक म्हणतात, आपलीच जागा देऊन वर भाडं कशाला? मॉरिशस म्हणतं, आमची जमीन आम्हाला परत मिळतेय. आणि अनेक चागोसवासी म्हणतात, सौदा दोन सरकारांचा झाला, आम्हाला कोणी विचारलं? करारानुसार मॉरिशस बाकीच्या बेटांवर लोक वसवू शकतं, पण दिएगो गार्सियावर नाही. ज्यांचे आई-बाप त्याच बेटावर दफन आहेत, त्यांनी कुठे जायचं?

आपला काय संबंध?

मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेली मराठी कुटुंबं आहेत, आणि तिथले साधारण 18 टक्के लोक मुसलमान आहेत. पण खरा संबंध त्याहून मोठा आहे. चागोसवासी बहुतेक ख्रिस्ती आहेत. तरी नाहक घरातून काढलेला माणूस मजलूम असतो, तो कोणत्या धर्माचा आहे हे विचारून आपली हमदर्दी ठरत नाही.

नकाशावर रंग कोणाचा, हे सरकारं ठरवतील. आम्हाला वाटतं, पहिला सवाल वेगळाच असायला हवा: ज्यांचं घर होतं, त्यांना परत जाता येईल का?