दोन मिनिटांची माणसं

नववीतल्या मुलाला ‘उभा माणूस काढ’ म्हटलं, की तो डोक्यापासून सुरुवात करतो. आधी लांबट गोल, मग डोळे, मग केसांचा भांग. शर्टाच्या बटणांपर्यंत पोचेस्तोवर कागद संपत आलेला असतो आणि पाय आखूड होतात. यात मुलांचा दोष नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासाठी त्यांनी माणसं चक्क पाठ केलेली असतात: फुगेवाला, भाजीवाली, छत्री धरलेला मुलगा. यातल्या इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे घरच्यांचंही या पाठांतराला प्रोत्साहनच.

म्हणून जेश्चर ड्रॉइंगच्या, म्हणजे शरीराची हालचाल झटपट रेषांत पकडण्याच्या तासाला मी सगळ्यात आधी खोडरबर गोळा करतो. वर्गात जोरदार निषेध होतो. मग पाठकोरे कागद वाटतो, कारण चांगली ड्रॉइंग शीट समोर आली की मुलं हात चोरतात. पेन्सिल लिहिताना धरतो तशी धरली तर नुसती बोटं हलतात. म्हणून कोळशाची कांडी आडवी धरायची आणि हात खांद्यापासून फिरवायचा. बसून ते जमत नाही. बाक भिंतीला सारायचे, फळीला क्लिपने कागद लावायचे आणि सगळ्यांनी उभं राहायचं.

मॉडेल म्हणजे वर्गातलंच कुणीतरी. ‘पोझ दे’ म्हटलं की समोरचा कमरेवर हात ठेवून हिरो होतो, नाहीतर लाजून चूर. म्हणून मी त्याला काम देतो. जड दप्तर एका खांद्याला लाव. खाली बसून बुटाची नाडी बांध. कबड्डीत चढाईला गेल्यासारखा निदान रेषेकडे वाक. हाताला काम मिळालं की लाज बरीच कमी होते. सुरुवातीला ३० सेकंद, मग एक मिनिट, फार तर दोन. वेळ संपली की कागद उलटायचा, चित्र झालेलं असो वा नसो.

भरलेल्या बादलीवर मात्र माझा अख्खा तास जातो. बादली उजव्या हातात घेतली की माणूस डावीकडे कलतो, उजवा खांदा खाली ओढला जातो, डावा हात आपसूक बाहेर फेकला जातो. बहुतेक मुलं सरळसोट माणूस काढतात आणि त्याच्या हाताला बादली अडकवून देतात. अशा वेळी मी चित्राला हात लावत नाही. मुलाला नळावर पाठवतो, बादली भरून आणायला लावतो आणि धरून उभा राहा म्हणतो. कुठला पाय दाबला जातोय? कंबर कुठे गेली? नंतरच्या चित्रात बादली कधीकधी काढायचीच राहते, पण तिचं वजन मात्र दिसतं.

भार एकाच पायावर असला की त्या बाजूचा खुबा वर जातो आणि साधारणपणे त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. हे फळ्यावर सांगून उपयोग नाही. कंपासपेटीतला कर्कटक दोऱ्याला बांधला की ओळंबा तयार. तो मॉडेलच्या गळ्याखालच्या खळगीसमोर धरायचा. दोरा भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो, हे पाहिल्यावर मुलं एकमेकांना उभं करून तपासत सुटतात. तास संपल्याची घंटाही ऐकू येत नाही.

न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणारे किमॉन निकोलाइडीस यांनी या पद्धतीला नीट शिस्त लावली. त्यांचं ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४१ साली आलं. समोरचा कसा दिसतो यापेक्षा तो काय करतो आहे ते काढा, हा त्यांचा आग्रह. वर्गात नेटक्या शेडिंगसाठी नावाजलेल्या मुलांना हेच सगळ्यात जड जातं. त्यांच्या हाताला टापटिपीची सवय असते आणि इथे रेषा फरफटली तरी चालते.

उलट, कबड्डीच्या संघातली एक मुलगी. चित्रकलेत तिचं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. पकडीत सापडलेली चढाईवाली तिने काढली ती घोट्यापासून: मागे ओढलेल्या पायातून निघालेली एकच रेषा पाठीतून वर चढत मध्यरेषेकडे झेपावलेल्या बोटांपर्यंत गेली होती. डोकं नव्हतंच. विचारलं तर म्हणाली, “सर, पकड पायाला होती ना!”

गृहपाठ म्हणून एसटी स्टँडवर पाठवतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मुलं सीएसएमटीवर रेखाटनं करायला बसतात. आमच्या गावात आमचा स्टँड. तिथली माणसं आपल्यासाठी थांबत नाहीत. गाडी लागली की गठुडं उचलून पळतात आणि चित्र अर्धवट राहतं. त्याच पानावर शेजारी दुसरं सुरू करायचं, एवढाच नियम. पालक वही चाळून विचारतात, हे पूर्ण कधी करणार? मी वही तपासताना शेरे लिहीत नाही. एकेका आकृतीवर बोट ठेवून भार कुठल्या पायावर आहे ते विचारतो. उत्तर पटकन आलं, की सही करून पुढची वही घेतो.