वेस्ट व्हर्जिनियाचा कौल एका पुस्तकात मावत नाही

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पक्षातल्या पक्षात राज्यवार मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. 10 मे 1960 रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत जॉन केनेडींनी ह्युबर्ट हम्फ्री यांना सुमारे 84 हजार मतांनी हरवलं. ही लढत बहुतेकांना ठाऊक आहे ती थिओडोर व्हाइट यांच्या ‘द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट 1960’ या पुस्तकामुळे. 1961 साली आलेल्या या पुस्तकाला पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालं, आणि ते रास्तच होतं. तरीही ही लढत समजून घ्यायला ते एकटं पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. व्हाइट यांचं मन केनेडींकडे ओढलेलं आहे आणि गावपातळीवरच्या पुढाऱ्याचं पुस्तक शेजारी ठेवल्याशिवाय ती ओढ नीट दिसत नाही.

व्हाइट यांच्या मांडणीचा गाभा धर्माचा आहे. राज्य कोळसाखाणींचं, गरीब. मतदार बहुतांशी प्रोटेस्टंट, केनेडी कॅथलिक. धर्म राज्यकारभारात येऊ देणार नाही, अशी ग्वाही केनेडींनी टीव्हीवर दिली आणि मतदारांनी पूर्वग्रह बाजूला ठेवला. याच प्रकरणात हम्फ्री यांची परवड फार जिवंत उतरली आहे. टीव्हीवरच्या वेळेसाठी ते स्वतःच्या खात्यातून 750 डॉलरचा चेक फाडतात. कार्यक्रमात आलेले फोन आधी पारखून घ्यायला कुणी नाही. एक बाई त्यांनाच राज्यातून चालते व्हा म्हणून सुनावते. पैशाची तफावत व्हाइट यांना दिसते, राज्यातलं राजकारण गढूळ आहे हेही ते लिहितात. पण केनेडींच्या पैशाचा माग काढण्यात त्यांना फारसा रस नाही.

तो माग 1994 साली रेमंड चॅफिन यांच्या आठवणींतून मिळाला. लोगन काउंटीतले हे पुढारी आधी हम्फ्रींच्या बाजूचे. केनेडींच्या माणसांनी किती लागतील विचारल्यावर त्यांनी ‘35’ म्हटलं. त्यांच्या मनात होते 3,500 डॉलर. हाती पडले 35,000, तेही रोख.

मग केनेडींनी राज्य विकतच घेतलं का? तसं म्हणणं सोपं आहे, पण हिशेब जुळत नाही. लोगनची सगळी लोकसंख्याच विजयाच्या फरकापेक्षा कमी होती. पैसा इतर काउंट्यांतही फिरला, हे मान्य. तरी राज्यभरातली 60 टक्क्यांवर मतं निव्वळ वाटपाने पडली, असं मानायला पुरावा हवा.

आणखी एक आक्षेप येतो: त्या काळी प्रायमरीला महत्त्वच काय होतं? खरंच आहे, 1952 मध्ये एस्टेस केफॉव्हर यांनी बहुतेक प्रायमरी जिंकूनही उमेदवारी अॅडलाय स्टीव्हन्सन यांना मिळाली. वेस्ट व्हर्जिनियाचा कौलही पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींवर बंधनकारक नव्हता. मात्र उमेदवारी ज्या पक्षपुढाऱ्यांच्या हाती होती, त्यांच्यापैकी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स स्वतः कॅथलिक होते आणि कॅथलिक माणूस देशभर निवडून येईल का, याचीच त्यांना धास्ती होती. त्यांना प्रोटेस्टंट राज्यातला आकडा हवा होता, तो मिळाला. हम्फ्री त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले आणि जुलैत लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात पेनसिल्व्हेनियाची बहुतेक मतं केनेडींच्या पारड्यात गेली.