चाकाला न लागणारा ब्रेक

जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचं मागचं चाक पंक्चर झालंय. रस्ता किंचित उताराचा. चालकाने हँडब्रेक कचकचून ओढला, गिअर न्यूट्रलला टाकला, जॅक लावला आणि चाक जमिनीपासून चार बोटं उचललं. त्याच क्षणी दोन टनांची गाडी संथपणे उताराकडे निघाली. जमिनीवरचं चाक सुलटं फिरतंय, हवेतलं उलटं फिरतंय. हँडब्रेक अजूनही पक्का ओढलेला आहे, आणि गंमत म्हणजे तो त्याचं काम चोख करतो आहे.

आपल्या नेहमीच्या मोटारीत हँडब्रेकची केबल मागच्या दोन चाकांपर्यंत जाते. डिफेंडरमध्ये ती चाकांच्या जवळपासही फिरकत नाही. गिअरबॉक्सच्या मागे असतो ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारा डबा. त्यातून मागे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशीच एक ड्रम बसवलेला असतो. हँडब्रेक ओढला की तो शाफ्ट जखडला जातो, चाक नाही. शाफ्ट आणि चाक यांच्या मध्ये डिफरन्शिअल आहे आणि त्याचा जन्मच मुळी डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देण्यासाठी झालेला. शाफ्ट थांबवला तरी ‘एक चाक पुढे, दुसरं तेवढंच मागे’ ही सवलत तो देतच राहतो. दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली असताना असं उलटसुलट फिरणं शक्य नसतं, म्हणून गाडी थांबते. एक उचललं की सवलत लागू होते.

मग पुढची चाकं का नाही धरत? १९८३ च्या वन टेन मॉडेलपासून या गाड्यांची चारही चाकं कायम ओढती असतात आणि पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये आणखी एक डिफरन्शिअल असतं. मागचा शाफ्ट जखडला तरी न्यूट्रलमध्ये पुढचा मोकळाच. म्हणून जाणकार माणूस जॅकला हात लावण्याआधी मधलं डिफरन्शिअल लॉक करतो, आणि त्याहीआधी चाकाला उटी लावतो. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे क्लीनर धावत जाऊन जो दगड सरकवतो, तीच उटी. या विषयातलं सर्वांत भरवशाचं यंत्र तेच, आणि त्याला केबलही लागत नाही.

ही विचित्र वाटणारी रचना लँड रोव्हरच्या डोक्यातून निघालेली नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपचा हँडब्रेकही ट्रान्सफर केसच्या मागेच होता. युद्धानंतर रोव्हर कंपनीचे अभियंते मॉरिस विल्क्स वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या आपल्या जमिनीवर अशीच एक जीप वापरत होते. १९४७ मध्ये त्यांनी पहिला नमुना बनवला तोही जीपच्याच चॅसीवर, आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रने विलिज जीपची जोडणी सुरू केली. म्हणजे आपल्या रस्त्यांवरची जुनी जीप आणि इंग्लंडमधल्या सॉलिहलची लँड रोव्हर या एकाच आजीच्या नाती. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली, त्यामुळे हे नातं फिरून मुंबईलाच येऊन मिळालं, पण तो वेगळा विषय.

ब्रेक इतक्या अडनिड्या जागी बसवण्यामागे हिशेब आहे. खडकाळ वाटेवर ॲक्सल सतत वीतभर वर-खाली होत असतो, ट्रान्सफर केस मात्र चॅसीला धरून स्थिर. स्थिर वस्तूपर्यंत केबल किंवा दांडी नेणं सोपं. शिवाय दोन चाकांना दोन ब्रेक लावण्यापेक्षा एका शाफ्टला एकच लावला की भागतं. खरी कमाई मात्र दातांच्या गुणोत्तराची आहे. डिफेंडरच्या मागच्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर ३.५४, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे साडेतीन फेरे. फिरण्यात जे गमावलं ते जोरात मिळतं. शाफ्टला लावलेला ब्रेक चाकापाशी साडेतीनपट होऊन पोहोचतो.

आकडे मांडून बघू. दोन हजार किलोची गाडी, पाचास एक असा चढ, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गुरुत्वाकर्षण गाडीला उताराकडे सुमारे ३९० किलो वजनाइतक्या जोराने ओढतं. चाकाची त्रिज्या धरा ३९ सेंटिमीटर. ॲक्सलपाशी थोपवायचा पीळ झाला साधारण १५०० न्यूटन-मीटर. ३.५४ ने भागला की शाफ्टवर उरतात फक्त ४२५. गाडी मात्र तीच, चढही तोच.

एवढं सगळं अनुकूल असताना लोक हा ब्रेक काढून डिस्क का बसवतात?

कारण ड्रम हा डबा आहे. त्याच्या आत ड्रमला आतून घासून धरणारे, लायनर लावलेले दोन शू, स्प्रिंगा, पसरवणारी यंत्रणा. नदी ओलांडताना, शेताच्या चिखलात चाकं बुडताना या डब्यात पाणी आणि गाळ शिरतो. आत गेलेल्याला बाहेर पडायची वाट नाही. गाळ वाळतो, दर फेऱ्याला लायनर आणि ड्रमच्या मध्ये रगडला जातो, पाट्यावर वाटल्यासारखा. वर शाफ्ट चाकापेक्षा साडेतीनपट वेगाने फिरतोय, म्हणजे वाटणही तेवढं जास्त. दुसरी व्याधी घरचीच आहे: ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाचं ऑइल सील. ते झिजलं की तेल थेट ड्रमच्या दिशेने पाझरतं. तेल प्यालेला लायनर कितीही आवळा, त्याची पकड गेली ती गेलीच.

अशा वेळी इंग्लंडमधल्या छोट्या कारखान्यांनी काढलेलं डिस्कचं किट मोहात पाडतं. ड्रमच्या जागी लोखंडी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणारा कॅलिपर, आणि तो ओढायला मूळचीच केबल. ब्रेक ऑइल नाही, पाइप नाहीत, हवा काढायची कटकट नाही.

डिस्क ब्रेकची कीर्ती कशामुळे? उष्णतेमुळे. वेगातली गाडी थांबवताना तिची सगळी गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. उघडी तबकडी ती वाऱ्यावर सोडून देते, ड्रम कोंडून ठेवतो. शर्यतीच्या गाड्यांनी डिस्क स्वीकारली ती याच गुणासाठी. पण हँडब्रेक उभ्या गाडीला धरतो. उभ्या गाडीत गतिज ऊर्जा शून्य, म्हणजे उष्णताही शून्य. ज्या गुणावर डिस्कने नाव कमावलं, तो इथे कवडीच्या कामाचा नाही! इथे तिचा एकच गुण कामी येतो, उघडेपणा. तबकडीवर चिखल बसला तर फिरताना भिरकावला जातो, उरलासुरला पॅडची कड खरवडून काढते. पाणी काही फेऱ्यांत निघून जातं. लपायला जागाच नाही. उघडेपणाची किंमत मात्र असते, बारीक खडे पॅडमध्ये रुततात आणि तबकडीवर चरे पडतात. ते निदान वाकून बघता तरी येतात. ड्रमच्या पोटात काय चाललंय, ते तो उघडेपर्यंत कळत नाही.

तरीही ड्रमला उगाच नावं ठेवू नयेत. त्याच्याकडे एक विद्या आहे जी डिस्कला येत नाही. दाराखाली लाकडी पाचर सरकवा आणि दार पाचरीच्या दिशेने ढकला. जितकं ढकलाल तितकी पाचर घट्ट बसते. ड्रममधला एक शू असाच वागतो. ड्रम फिरू बघतो तेव्हा घर्षण त्या शूला आणखी ओढून ड्रमवर दाबतं. दुसरा शू त्याच वेळी थोडा सैलावतो, पण गाडी उलट दिशेला निघाली की त्यांच्या भूमिका बदलतात. माणसाच्या हाताने थोडं ओढायचं, उरलेलं उताराने स्वतःच आवळून द्यायचं. उताराचा जोर उताराविरुद्ध वापरणारी ही युक्ती हँडब्रेकसाठी इतकी चपखल आहे, की मागे डिस्क असलेल्या कितीतरी मोटारींमध्ये हँडब्रेकसाठी डिस्कच्या पोटात एक चिमुकला ड्रम मुद्दाम दडवलेला असतो.

डिस्कला अशी फुकटची मदत नाही. तबकडी पॅडच्या पृष्ठभागावरून सपाट सरकते, पॅडला आत ओढत नाही. म्हणून सगळा जोर हातातून यायला हवा. मघाचा ४२५ चा पीळ घेऊ. पॅड मध्यापासून दहा सेंटिमीटरवर चिमटत असतील आणि घर्षणांक ०.४ असेल, तर तबकडीला सुमारे ५४० किलो वजनाइतक्या जोराने आवळावं लागेल. हात देईल फार तर चाळीस. उरलेला फरक तरफांनी भरून काढायचा: एक तरफ हँडब्रेकच्या दांड्याची, दुसरी कॅलिपरवर. जोर चौदा-पंधरापट हवा, केबलच्या वळणांत वाया जाणारा धरला तर आणखी. आणि तरफेचा नियम सावकारासारखा कडक, जोर दिला की अंतर कापून घेतो. हाताने दांडा बराच ओढावा तेव्हा पॅड थोडासाच सरकतो. त्यातलं थोडं अंतर केबल ताणण्यात गेलं, थोडं पॅड-तबकडीच्या फटीत गेलं, की आवळायला काही उरतच नाही. ‘डिस्क बसवली पण धरत नाही’ अशी तक्रार आली की माझा पहिला संशय किटवर जात नाही, जुन्या केबलवर आणि आळसाने केलेल्या ॲडजस्टमेंटवर जातो.

बसवण्याचं काम पाना हाताळणाऱ्याला एका दुपारचं आहे. पण त्यात एक सापळा आहे, आणि तो भौतिकशास्त्राने लावलेला आहे. ड्रमपर्यंत पोहोचायला मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडवावा लागतो. चार नट, ९/१६ इंची पाना. चौथा नट निघाला आणि शाफ्ट खाली आला, की हँडब्रेकचं चाकांशी असलेलं नातं तुटलं. ‘गिअरमध्ये टाकलीये की गाडी,’ असं कुणी म्हणेल. उपयोग नाही. मधलं डिफरन्शिअल उघडं असेल तर मागचं मोकळं तोंड वाटेल तसं फिरतं आणि पुढच्या चाकांना सोडून देतं. म्हणजे गाडीखाली झोपलेल्या माणसाला वाचवणारी एकच गोष्ट उरते, दोन्ही बाजूंनी लावलेली उटी. सपाट जमीन, चाकांना पुढून-मागून ठोकळे आणि मधलं डिफरन्शिअल लॉक करून गिअर. हे झाल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

पुढचं सरळ आहे. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खडूने खूण करायची, म्हणजे तो होता तसाच बसतो. ड्रम दोन चपट्या डोक्याच्या स्क्रूंवर असतो. वर्षानुवर्षं गंजलेले हे स्क्रूच बहुधा निम्मी दुपार खातात. मग शू, मागची प्लेट. इथवर आलातच तर ऑइल सील बदला, कितीही ठीक दिसलं तरी. सील गळत ठेवून डिस्क बसवली तर तेल लायनरऐवजी पॅडवर येईल, एवढाच फरक. तबकडी बसवण्याआधी तिच्यावरचं गंजरोधक तेल पुसून काढायचं. कॅलिपरचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचे. शेवटी केबल अशी जुळवायची की दांडा थोड्या खटक्यांत घट्ट व्हावा, आणि सोडल्यावर तबकडी हाताने मोकळी फिरावी. मोकळी नसेल तर मात्र एरवी नसलेली उष्णता नक्की तयार होईल. हँडब्रेक ओढलेला विसरून गाडी पळवणाऱ्याला तिचा वास कळतोच.

एक मोह आवरायला हवा. नवा ब्रेक धरतो का, हे बघायला चालत्या गाडीत दांडा ओढायचा. शाफ्ट एकदम थांबला तर धावत्या गाडीचा सगळा धक्का क्राऊन-पिनियनच्या दातांवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत हँडब्रेकने गाडीच्या वजनाच्या १६ टक्के इतका रोध दाखवावा लागतो. कायम चारचाकी ओढ असलेल्या गाड्या नेहमीच्या रोलरवर चढवत नाहीत, कारण एका ॲक्सलची चाकं फिरवली की दुसरा ॲक्सलही गाडी ओढू लागतो. तिथे गाडीत मंदन मोजणारं उपकरण ठेवून परीक्षा होते. घरच्या घरी बघायचं तर गाडी चढावर उभी करून पायाचा ब्रेक हळूहळू सोडावा. आपल्याकडे जुन्या जीपवर असला बदल करायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आधी वाचावं आणि आरटीओत विचारावं.

पहिल्यांदा चढावर पाय सोडला की बहुतेकांच्या छातीत धस्स होतं. गाडी ‘टक्’ असा आवाज करून दोन बोटं मागे सरकते आणि मग थांबते. माणूस पुन्हा खाली शिरून कॅलिपर आवळू लागतो. कॅलिपरचा त्यात दोष नसतो. ब्रेकपासून चाकापर्यंत शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शिअलचे दात, हाफ शाफ्टच्या खाचा, प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असते. शाफ्टपाशी सगळी मिळून वीस अंशांची भरली, तर चाकापाशी साडेपाच अंश होतात आणि टायर जमिनीवर जवळजवळ चार सेंटिमीटर सरकतो. ड्रम होता तेव्हाही गाडी एवढीच सरकत होती. तेव्हा कुणी मोजलं नव्हतं.