उजेड खाली पडला पाहिजे

सकाळी ८

डिसेंबरात वाडी नाक्यावरची दुकानं उशिरा उघडतात, पण रात्रभर चाललेल्या गाड्या आठलाच दारात उभ्या असतात. अमरावती रोडवरचं हे ट्रान्सपोर्टचं गाव, ऑटो इलेक्ट्रिशियनला इथे कामाची वाट पाहावी लागत नाही. आज पहिली आली काटोलकडची जुनी बोलेरो पिकअप. हौद्यात संत्र्याची पानं अजून पडलेली. आंबिया बहाराचा माल पहाटे कळमन्यात उतरवून काकाजी परत निघालेत. रात्री येताना कोंढाळीपासून गोंडखैरीपर्यंत त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून गाडी आणली.

"दिवे तं लागतात, मिस्त्री. पण धुकं आलं का समोर पांढरंच पांढरं. मोठे एलईडी टाकून द्या."

"एलईडीचं मंग पाहू, काकाजी. आधी मीटर लावू द्या."

सकाळी ९

इंजिन चालू, फॉग लाइट चालू. बॅटरीवर मीटर १३.८ व्होल्ट दाखवतं, दिव्याच्या टर्मिनलवर ११.३. अडीच व्होल्ट वाटेतच गेले. हॅलोजन बल्बचं गणित फार कडक असतं. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. या गाडीत व्होल्टेज अठरा टक्के कमी, म्हणजे उजेड निम्म्यावर आलेला. दुकानदार अशा गिऱ्हाइकाला जास्त वॅटचे बल्ब देतो. मग त्याच बारीक वायरीतून आणखी करंट जातो आणि ती तापते, स्विच वितळतो. दिवा कमजोर नाही, त्याच्यापर्यंत वीज पोचत नाही, हे मी प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला आधी मीटरवर दाखवतो. पाहिल्यावर त्याला पटतं.

सकाळी १०

काकाजी रात्रभर जागलेले, ते कॅबिनमध्येच आडवे झाले. दिवसाचं खरं काम इथून पुढे.

आधी कुणीतरी डॅशबोर्डच्या स्विचमधूनच दोन्ही दिव्यांना थेट वायर दिली होती. रिले नाही, फ्यूज नाही, जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले. ५५ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टला साडेचार अँपियरच्या वर खातो, दोन मिळून नऊच्या पुढे. एवढा भार त्या छोट्या स्विचने उचलायचाच नसतो. मी सगळी जुनी वायर ओढून काढली. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १५ अँपियरचा फ्यूज बसवला. तो बॅटरीजवळच हवा, कारण पुढे कुठेही वायर घासून बॉडीला लागली तर आग लागायच्या आत तो उडला पाहिजे. फ्यूजमधून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ मधून दोन्ही दिव्यांना. ८५ अर्थला, ८६ स्विचला. स्विचला वीज पार्किंग लाइटवरून घेतली, म्हणजे मागचे लाल दिवे लागल्याशिवाय पुढचे फॉग लाइट लागणारच नाहीत. धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसणं तितकंच गरजेचं.

सगळ्यात जास्त वेळ अर्थने खाल्ला. जुन्या गाडीत निम्मे दोष तिथेच सापडतात. अर्थची वायर बंपरच्या गंजलेल्या बोल्टला होती, बोल्टखाली रंगाचे थर. आता दोन्ही दिव्यांची अर्थ वेगळ्या जाड वायरने थेट चेसिसवर घेतली, जागा घासून चकचकीत केली, लग दाबून सोल्डर केला, वर ग्रीस. वायर कॅबिनमध्ये शिरते तिथे रबरी ग्रोमेट. पोऱ्याने विचारलं, "हे कोण पाहते जी?" पुढच्या पावसाळ्यात गाडी रस्त्यात बंद पडली नाही तर कुणीच पाहणार नाही, आणि तसंच व्हायला हवं.

दुपारी दीड

जेवण. काकाजी जागे झाले आणि पुन्हा एलईडीवर आले. हॅलोजनच्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब घालायला मी सरळ नाही म्हणतो. आतला आरसा फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या जागी बसत नाहीत, उजेड विखरून वर चढतो, आणि धुक्यात वर चढलेला उजेड थेंबांवर आदळून आपल्याच डोळ्यांत येतो. एलईडी हवाच असेल तर काच-आरशासकट पूर्ण दिवा बदला. काकाजींनी हॅलोजनच ठेवायचं ठरवलं.

"मंग पिवळेच लावा जी. पिवळा उजेड धुकं फाडते."

हा समज जुना आहे. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत हेडलाइटसुद्धा पिवळेच असत. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते पिवळा आणि पांढरा जवळपास सारखाच उधळतात. पिवळ्याची चमक डोळ्यांना कमी बोचते असं रात्रीचे ड्रायव्हर सांगतात, म्हणून मी त्याला विरोध करत नाही. पिवळ्या काचेचेच दिवे ठरले.

दुपारी ३

दिवे बसवले. जुने क्लॅम्प दिव्यांना वर, ग्रिलसमोर धरत होते. तिथे फॉग लाइटचा उपयोग नाही. ते डिपरच्या दिव्यापेक्षा वर नकोत, आणि जमिनीपासून २५० मिलिमीटरच्या खालीही नकोत, हा नियम आहे. बंपरच्या खालच्या पट्टीवर, दोन्ही टोकांकडे जागा काढली. पुन्हा मीटर: दिव्यावर १३.४.

संध्याकाळी ६

सूर्य साडेपाचलाच मावळतो, तेव्हा अँगल लावायला अंधार हाताशी असतो. गाडी भिंतीपासून १० मीटरवर, हौद्यात क्रेट भरून. रिकाम्या गाडीवर लावलेला अँगल माल भरला की वर उचलला जातो, आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात. भिंतीवर दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीची खडूची रेघ मारली. पट्ट्याची वरची कड तिच्या १५ सेंटिमीटर खाली येईपर्यंत बोल्ट सैल-घट्ट केले. सपाट, रुंद पट्टा पडला, दोन्ही टोकं भिंतीबाहेर गेली.

संध्याकाळी ७

काकाजी खूश. "आता तं साठनं काढतो गाडी."

तिथेच मी त्यांना थांबवलं. हा दिवा रस्त्याची कड आणि पट्टी दाखवतो, लांबचं दाखवत नाही. दाट धुक्यात समोरचं ३० मीटरवर दिसलं तर नशीब. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. उभा ट्रक दिसल्यावर दोन सेकंदही हाती नाहीत, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत त्यातला एक गेलेला असतो. तीसच्या वर काटा नको, अप्पर बंद, आणि बाजारगावपाशी धुकं सरलं की फॉग लाइटही बंद.

"लेकालेबी सांगा हे फोनवर," ते म्हणाले, "उद्या तोच येणार आहे माल घेऊन."

मी फोन घेतला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.