एका गॅलनमध्ये किती मैल? संशोधनात काय मोजायचं, ते आधी ठरवा

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलं, "ताई, सिनॉप्सिसमध्ये ऑब्जेक्टिव्ह म्हणून 'एफिशियन्सी वाढवणे' एवढंच लिहिलं तर चालेल ना?"

चालेल. गाईड सही करतील, आरआरसीतही कदाचित कोणी अडवणार नाही. पण कोणती एफिशियन्सी आणि कोणासाठी, हे न ठरवता कामाला लागलात तर दोन वर्षं कशी जातात ते मी अनुभवलंय. माझी गोष्ट शेवटी सांगते. आधी विमानांची सांगते, कारण तिथे हा घोटाळा जास्त स्वच्छ दिसतो.

प्रश्न काय होता?

पहिलं महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये लष्करी विमानं भरपूर उरली होती. पण ती मोठी, पेट्रोल पिणारी आणि सांभाळायला महाग. साध्या माणसाला शिकता येईल, क्लबला परवडेल असं छोटं विमान नव्हतं. खरा प्रश्न हा होता.

यावर उपाय म्हणून ऑक्टोबर १९२३ मध्ये केंट परगण्यातल्या लिंपन इथे स्पर्धा घेतली गेली. नियम असा की इंजिन ७५० सीसीपेक्षा मोठं नको. मुख्य बक्षीस कशाला? तर एका गॅलन पेट्रोलमध्ये सर्वात लांब उडणाऱ्या विमानाला.

ऐकायला किती बरोबर वाटतं! स्वस्त विमान हवं, म्हणून कमी पेट्रोल, म्हणून छोटं इंजिन. प्रत्येक पायरी पटते.

निकालही जबरदस्त लागला. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं 'रेन' आणि 'एएनईसी' नावाचं विमान, दोघांनीही गॅलनला ८७.५ मैल काढले आणि बक्षीस वाटून घेतलं. आपल्या हिशोबात हे लिटरला जवळपास ३१ किलोमीटर होतात. आजच्या बहुतेक पेट्रोल कार इतका ॲव्हरेज देत नाहीत! रेनचं इंजिन होतं ३९८ सीसीचं, म्हणजे बुलेट ३५० पेक्षा जरासंच मोठं.

आता सांगा, हे विमान फ्लाइंग क्लबला उपयोगी होतं का? नव्हतं. शिकवायचं तर दोन माणसं बसायला हवीत, इथे जेमतेम एक बसत होता. समोरून वारा आला की हाल. स्पर्धेत उतरलेल्या डी हॅविलंडच्या डीएच-५३ या छोट्या विमानाचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. त्याच वर्षी ॲलन कोबम हे वैमानिक ते घेऊन ब्रसेल्सला गेले. परत येताना वारा एवढा उलटा होता की खालून जाणारी मालगाडी त्यांच्या पुढे निघून गेली.

नियम बदलला, सवय तीच

१९२४ मध्ये आयोजकांनी दोन आसनांची अट घातली. हे बरोबरच झालं. पण इंजिनाची मर्यादा ठेवली ११०० सीसी. इतक्या छोट्या इंजिनातून दोन माणसांना उचलायचं म्हणजे ते सतत पूर्ण ताकदीने पळवायचं. मग इंजिनं बिघडायला लागली आणि बरीच विमानं प्राथमिक चाचण्यांतच बाद झाली. जिंकलं बियर्डमोर कंपनीचं 'वी बी'. ते एकच बनलं.

१९२६ मध्ये सीसी सोडून इंजिनाच्या वजनावर मर्यादा आली, १७० पौंड, म्हणजे साधारण ७७ किलो. या वेळी जिंकलं हॉकर कंपनीचं 'सिग्नेट'. अशी फक्त दोन विमानं बनली.

स्पर्धेबाहेर राहिलेला माणूस

जेफ्री डी हॅविलंड यांनी १९२३ चा अनुभव घेतला आणि १९२४ च्या स्पर्धेत भागच घेतला नाही. त्यांचं म्हणणं असं की ११०० सीसीत कामाचं दोन आसनी विमान होणारच नाही. त्यांनी प्रश्न उलटा धरला. आधी विमान कोण वापरणार ते बघू, मग त्याला किती ताकद लागते ते बघू, आणि मग तेवढी ताकद स्वस्तात कुठे मिळते ते शोधू.

इंजिन डिझायनर फ्रँक हॅलफर्ड यांनी युद्धातून उरलेल्या रेनो व्ही-८ इंजिनांवर आधीच काम केलं होतं. त्याच आठ सिलिंडरच्या इंजिनाचं अर्धं करून त्यांनी चार सिलिंडरचं एअर-कूल्ड इंजिन तयार केलं, ६० अश्वशक्तीचं 'सिरस'. पार्ट्स आधीचेच, म्हणून स्वस्त. क्षमता किती? साधारण ४,५०० सीसी, स्पर्धेच्या मर्यादेच्या चौपट!

हे इंजिन बसवलेलं डीएच-६० 'मॉथ' २२ फेब्रुवारी १९२५ ला लंडनजवळच्या स्टॅग लेन इथून पहिल्यांदा उडालं. दोन आसनं, आणि पंख मागे दुमडता येत असल्यामुळे छोट्या शेडमध्ये मावायचं. त्याच वर्षी सरकारने पाच फ्लाइंग क्लबांना आर्थिक मदत दिली आणि क्लबांनी मॉथ घेतलं. गॅलनला ८७ मैल देणं त्याला कधीच जमलं नसतं. पण शिकाऊ माणूस रविवारी सकाळी येऊन ते उडवू शकत होता.

वापरणारा बदलला की डिझाइन बदलतं

पुढे हवाई दलाला प्रशिक्षणासाठी विमान हवं होतं. मॉथमध्ये पुढची सीट वरच्या पंखाच्या खाली, खांबांच्या मधोमध होती. पॅराशूट बांधलेल्या माणसाला संकटात तिथून बाहेर पडणं अवघड. म्हणून वरचा पंख पुढे सरकवला. पण त्यामुळे विमानाचा तोल बिघडतो, मग पंखांची टोकं मागे झुकवून तो भरून काढला. टायगर मॉथचे मागे झुकलेले पंख दिसतात ते यामुळे. वेगासाठी नव्हे, माणूस बाहेर पडावा म्हणून! ते २६ ऑक्टोबर १९३१ ला पहिल्यांदा उडालं. ८,००० पेक्षा जास्त बनली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या हजारो वैमानिकांनी पहिले धडे त्यावरच घेतले.

सुरुवातीच्या टायगर मॉथमध्ये 'जिप्सी थ्री' इंजिन होतं. त्याचे सिलिंडर खाली लटकलेले, म्हणजे वैमानिकाला समोरचं नीट दिसतं. हेच इंजिन याच घराण्यातल्या 'पस मॉथ'मध्येही होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथमधूनच.

मग स्पर्धा वाया गेली का?

नाही, आणि हे लक्षात ठेवा. डीएच-५३ नसतं तर कमी ताकदीचं विमान कुठे अडतं हे डी हॅविलंड यांना इतक्या लवकर कळलं नसतं. सिग्नेटचे डिझायनर सिडनी कॅम यांनीच पुढे 'हरिकेन' बनवलं. विमान अरुंद जागेत मावलं पाहिजे, ही अटही लिंपनच्या नियमांत होती. स्पर्धेतून शिकायला खूप मिळालं. चूक एवढीच की मोजायला सोपी गोष्ट हीच गरज आहे, असं धरून चालले.

आता माझी गोष्ट

मी फोटोकॅटॅलिस्टवर काम करते. पहिलं दीड वर्ष माझं एकच ध्येय होतं, मेथिलीन ब्लूचं डिग्रेडेशन किती टक्के. ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, १० पीपीएम रंग, वरून दिवा. ९६ टक्के आले तेव्हा मी लॅबमध्ये पेढे वाटले होते. मग इचलकरंजीतल्या एका डाईंग युनिटचं खरं सांडपाणी आणलं. त्यात मीठ, साबण, गढूळपणा, चार प्रकारचे रंग. आकडा ३० च्याही खाली. वर माझी पावडर इतकी बारीक की पाण्यातून परत गाळताच येईना. म्हणजे मी 'रेन' बनवलं होतं. आता टक्के थोडे कमी चालतील, पण पावडर परत मिळाली पाहिजे, या प्रश्नावर पुन्हा काम चालू आहे.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. माझा निकाल शेवटी कोण, कुठे वापरणार? मी जो आकडा मोजणार आहे तो वाढला तर त्या माणसाचं नक्की काय सोपं होईल? आणि हा आकडा उत्तम येऊनही काम निरुपयोगी ठरेल, अशी एखादी परिस्थिती आहे का?

तिसऱ्याचं उत्तर "हो" आलं, तर घाबरू नका. ती परिस्थितीच तुमच्या दुसऱ्या ऑब्जेक्टिव्हमध्ये टाका आणि तिची चाचणी पहिल्या सहा महिन्यांत करून टाका. मी ती दीड वर्षाने केली.