चार गुंठे मुलांच्या हातीं

महसूल खात्यांतील कारकुनीच्या दीर्घ नोकरींत प्रस्तुत लेखकास एक गोष्ट वारंवार दिसून आली. वडील निवर्तल्यावर वारस-नोंदीसाठीं चाळिशीचा कर्ता मुलगा कचेरींत येई. पण जमिनीचा गट क्रमांक कोणता, बांधास कोणाचें शेत लागतें, सोसायटीचें देणें किती, हें त्यास सांगतां येत नसे. वीस वर्षें तो त्याच शेतांत राबलेला असे. राबण्याचें काम त्याच्याकडे होतें. ठरविण्याचें काम कधींच आलें नव्हतें. असा मुलगा शेतीस विटून शहराची वाट धरितो, तेव्हां ‘हल्लींच्या पोरांना माती नको’ असें म्हणून आपण मोकळे होतों. दोष सगळा पोरांचाच आहे काय, याचा शेतकरी बंधूंनीं विचार करावा, यास्तव हा लेख.

अमेरिकेंत हा प्रश्न सव्वाशें वर्षांपूर्वींच उभा राहिला होता. तेथील संशोधन केंद्रांत सुधारलेलें बियाणें निघे, पण वडीलधारे शेतकरी जुनी वहिवाट सोडावयास राजी नसत. ओहायओ राज्यांतील ए. बी. ग्रॅहॅम या शाळाधिकाऱ्यांनीं जानेवारी १९०२ मध्यें स्प्रिंगफील्ड येथील न्यायकचेरीच्या तळघरांत सुमारें तीस मुलामुलींची सभा भरविली. मुलांनीं घरच्या शेताची माती तपासावी, निवडक मका पेरून पाहावा, आणि काय घडलें तें लिहून ठेवावें, असा क्रम सुरू झाला. पुढें दक्षिणेकडील राज्यांतही ‘मका मंडळें’ निघालीं. त्यांत मुलानें एक एकर स्वतःच्या जबाबदारीवर पिकवावयाचा असे. १९१० सालीं दक्षिण कॅरोलायनांतील जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलानें एका एकरांत २२८ बुशेलांहून अधिक, म्हणजे सुमारें ५८ क्विंटल मका काढून दाखविला. त्याच सालीं त्याच राज्यांत मेरी क्रोमर या शिक्षिकेनें मुलींचें टोमॅटो मंडळ काढलें. प्रत्येक मुलीस एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे आपले चार गुंठे. १९१४ सालीं कायदा होऊन कृषि महाविद्यालयांच्या विस्तारकार्यास सरकारी आधार मिळाला, आणि या मंडळांचें काम त्यांत आलें. ‘फोर-एच’ या नांवानें तें आजही चालू आहे.

या मंडळांची रीत तीन गोष्टींवर उभी आहे. मुलाचें काम खरें असावें. हिशेब त्यानें स्वतः लिहावा. आणि पीक चार लोकांपुढें मांडावें. वडिलांनीं विचारल्यास सांगावें, पण मुलाचें काम आपण करूं नये. ही शेवटची गोष्ट किती अवघड आहे, तें मीं स्वतः अनुभविलें.

सतरा वर्षांच्या पुतण्यास मीं विहिरीजवळचे चार गुंठे दिले. त्यानें वांगीं लाविलीं. दिले म्हणतों खरें, पण रोज सकाळीं मी बांधावर हजर. पाण्याची पाळी मीच ठरवीत असें. आणि किडके शेंडे दिसतांच त्यास न विचारतां औषधही मींच फवारलें. एके दिवशीं त्यानें वही माझ्यापुढें ठेविली आणि म्हणाला, “काका, हा खर्च कोणाच्या नांवावर लिहूं? वाफा तुमचा कीं माझा?” मला उत्तर सुचलें नाहीं. वांगीं चांगलीं आलीं, पैसेही झाले. पण पोरानें शेतावर येणें सोडलें, आणि माझ्याशीं जेवढ्यास तेवढें बोलूं लागला.

दोन महिन्यांनीं मींच त्याच्याजवळ चूक कबूल केली व तेच गुंठे पुन्हा दिले. मीं फक्त रविवारीं यावें, असें ठरलें. त्यानें कोथिंबीर पेरली. पाणी अधिक होत आहे हें मला वाटेनें जातांना दिसत होतें, जीभ आवरली. रविवारीं एवढेंच विचारलें, “मुळें उपटून पाहिलींस काय?” त्यानें पाहिलीं, पाळी लांबविली; तरी निम्मी कोथिंबीर पिवळी पडून गेलीच. हिशेबांत तोटा आला. तो त्यानें स्वतःच्या हातानें लिहिला आणि खालीं नोंद केली, ‘पुढील वेळीं गादीवाफे करणें.’ त्याच संध्याकाळीं त्यानें आपण होऊन घरचा सात-बारा पाहावयास मागितला.

शेतकरी बंधूंनो, येत्या हंगामांत आपल्या मुलास अथवा मुलीस चार गुंठे द्यावे. बियाणें, खत, मजुरी व स्वतःचे श्रमदिवस यांची वही त्यांच्याच हातीं असावी. नफा त्यांचा, तसाच तोटाही त्यांचा समजावा. भेटीचा वार ठरवून घ्यावा, आणि इतर दिवशीं बांधावरून परत फिरावें. चार गुंठ्यांच्या तोट्यानें कोणतेंही घर बुडत नाहीं. न शिकलेल्या वारसाच्या हातीं एकदम दहा एकर आल्यास काय होतें, तें मीं कचेरींत पुष्कळ पाहिलें आहे.